साखळीचा मोहोर

झाडं लावणारा माणूस मनानं शांत होत जातो. मातीत हात घातला की राग उतरतो, पाणी घालता घालता संयम अंगी येतो आणि पहिली पालवी फुटेपर्यंत माणसाचा जवळजवळ साधू होतो. हे आम्ही सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे आणि त्यावर दोन पानी निबंधही लिहिलेले आहेत. आमच्या भिंतीपलीकडच्या परसात दोन माणसांनी आंब्याची दोन झाडं लावली आणि सहा वर्षांत एकमेकांचे तीन दात, एक खांद्याचं हाड आणि एका कानाची पाळी घालवली. निबंधात हे आलं नव्हतं.

परस एकच होतं. घराचे मात्र मधे भिंत घालून दोन भाग केलेले. पुढच्या भागात लोहार आणि त्याची बायको, मागच्या भागात तिचा धाकटा भाऊ. हा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. घर या भावंडांच्या बापाचं. बापानं मरण्याआधी घराची वाटणी केली, पण परसाची करायची राहिली, कारण तेव्हा परसात एक मोडकी खाट आणि चार एरंडाची झुडपं याखेरीज वाटण्यासारखं काही नव्हतं. लोहाराला सगळी गल्ली दाजी म्हणायची, कारण कंपाउंडर दिवसातून पन्नासदा भिंतीपलीकडून "अहो दाजी!" अशी हाक मारून भांडण काढायचा. लोहाराच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा म्हणायची, आणि म्हणताना जरा सरळ उभी राहायची.

दाजींनी रोपवाटिकेच्या माळ्याला दोन खुरपी करून दिली आणि बदल्यात आंब्याचं एक कलम आणलं. दुसऱ्याच दिवशी कंपाउंडर सायकलच्या कॅरिअरवर दुसरं कलम बांधून आला. कारण विचारल्यावर म्हणाला, "अर्धं परस माझं आहे." दोन कलमांत तीस फूट अंतर ठेवा असं माळ्यानं बजावलं होतं. परस आडवं बावीस फूट. तेव्हा दोन्ही झाडं नऊ फुटांवर समोरासमोर उभी राहिली, दाजी आणि मेव्हण्यासारखीच.

पहिली तीन वर्षं पाऊस वेळेवर यायचा आणि भांडणं तोंडी असायची. चौथ्या वर्षी पाऊस आलाच नाही. पाचव्या वर्षी आला, पण भलत्याच महिन्यात, तीन दिवस, आणि जाताना परसातली माती घेऊन गेला. सहाव्या वर्षी ढग यायचे, गावावर थांबायचे, खाली बघायचे आणि पुढे निघून जायचे.

पाणी अक्का आणायची. गल्लीच्या टोकाला सरकारी विहीर, तिथून डोक्यावर एक हंडा आणि कमरेवर एक कळशी. त्यातला थेंब गटारात जाता कामा नये, असा तिचा हुकूम होता. म्हणून तिनं दोन्ही झाडांच्या बुंध्याशी एकेक सपाट फरशी टाकली आणि गोणपाटाचा आडोसा बांधला. अंघोळ तिथेच करायची, पाणी मुळांना जायचं. दाजींनी आपल्या झाडाखाली, कंपाउंडरनं आपल्या. अक्का स्वतः विषम तारखेला नवऱ्याच्या झाडाखाली अंघोळ करायची आणि सम तारखेला भावाच्या. यापेक्षा चोख न्याय आमच्या तालुक्याच्या कोर्टातही मिळत नाही.

सात महिने हा न्याय चालला. मग कंपाउंडर एक दिवस कॅलेंडर घेऊन परसात आला.

"अक्का, काल किती तारीख होती?"

"एकतीस."

"आज?"

"एक. डोळे गेले का तुझे?"

"दोन्ही विषम. म्हणजे लागोपाठ दोन अंघोळी दाजींच्या झाडाला. वर्षातनं असे सात महिने येतात. सात अंघोळी खाल्ल्या यांनी माझ्या झाडाच्या!"

दाजी दात घासत होते. चूळ भरली, ती आपल्याच झाडाला टाकली आणि म्हणाले, "बायको कुणाची आहे?"

"बहीण कुणाची आहे?"

हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, म्हणून दाजींनी हातातला तांब्या फेकून मारला. कंपाउंडरचा पहिला दात तेव्हा गेला. एकतीस तारखेला अंघोळच करायची नाही, असं अक्कानं ठरवलं आणि वर्षभर पाळलं.

उरलेले दोन दात दाजींचे. ते पाहुण्यापायी गेले. दाजींचे चुलते दोन दिवसांसाठी आले होते. प्रवासानं मळलेले, अंगानं चांगले धिप्पाड. असा माणूस अंघोळीला निदान दीड बादली घेणार, हे दोघांनीही ओळखलं. सकाळी म्हातारबुवा टॉवेल गुंडाळून परसात आले, तेव्हा एका हाताला पुतण्या आणि दुसऱ्या हाताला पुतण्याचा मेव्हणा.

"काका, इकडे या. रक्ताचं नातं आहे."

"काका, इकडे सावली आहे. आणि साबण माझा नवा आहे."

"अरे सोडा रे, मला अंघोळच करायची नाही," काका ओरडले. पण तोवर त्यांचं मनगट मुरगळलं होतं, टॉवेल एकाच्या हातात राहिला होता आणि बादलीचा काठ दाजींच्या तोंडावर बसला होता. दीड बादली पाणी दोन्ही झाडांच्या बरोबर मध्ये सांडलं. काका त्याच दुपारच्या गाडीनं तसेच मळके परत गेले. कंपाउंडरची बायको तर पहिल्याच दुष्काळात माहेरी गेली होती. तिकडे नळ होता, म्हणून परत आली नाही. घरात बोलायला कुणी नसल्यामुळे कंपाउंडर झाडाशी बोलायचा. दवाखान्यात म्हशीला धीर देतात त्याच सुरात, "हां, हां, झालं, झालं," असं म्हणत बुंध्यावरून हात फिरवायचा. त्याला आता जगात आपलं म्हणावं असं ते एकच झाड होतं, आणि हे तो कुणाला सांगत नसला तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

सहाव्या वर्षीच्या नोव्हेंबरात विहिरीचा तळ दिसला. हंड्याला पाऊण तास लागायला लागला. एका दुपारी अक्का हंडा घेऊन परसात आली, तो खाली ठेवला, त्याच्यावरच बसली आणि दोघांना हाक मारली.

"दोन झाडांना पाणी नाही. एकाला आहे."

दोघंही एकदम बोलायला लागले. अक्कानं जमिनीवरून एक ढेकूळ उचललं. दोघं गप्प झाले.

"पाणी मी आणते. कंबर माझी मोडते. तेव्हा ऐकायचं. मार्च संपायच्या आत ज्याच्या झाडाला वाटाण्याएवढी तरी कैरी धरेल, ते झाड राहील. दुसरं तोडायचं. त्याच्या वाट्याचं पाणी पहिल्याला."

"आणि दोघांच्याही धरली तर?" कंपाउंडरनं विचारलं.

"ज्याच्या जास्त."

"आणि तोडायचं कुणी?"

"मी," अक्का म्हणाली. "तुम्ही तोडायला लागलात तर एकमेकांना तोडाल."

कंपाउंडर शिकलेला माणूस. शिक्षण गुरांचं असलं तरी दवाखान्याच्या कपाटात शेतकी खात्याची पुस्तकं होती आणि दुपारी दवाखान्यात गुरं कमी असायची. त्यानं दुसऱ्या दिवशी परसात उभं राहून जाहीर केलं, "आंब्याला मोहोर हवा असेल तर आता दोन महिने पाणी तोडायचं. ताण द्यायचा. ताण बसला की मोहोर फुटतो. कैरी धरली की मग पाणी. दाजी, तुम्हालाही सांगतोय. उगाच पुढे म्हणाल, सांगितलं नाही."

माणूस खरं बोलला होता. मनापासून बोलला होता की नाही कुणास ठाऊक, पण खरं बोलला होता. दाजींनी भाता मारता मारता ते ऐकलं आणि खदाखदा हसले.

"ऐकलंस का गं? तुझा भाऊ म्हणतोय, झाडाला पाणी देऊ नका. दुष्काळात! म्हणजे मी झाड वाळवत बसायचं आणि हा लपून घालणार."

"खरं असेल," अक्का म्हणाली.

"खरं असतं तर मला सांगितलं असतं का?"

या युक्तिवादात खोट काढणं अवघड होतं. आमच्या गल्लीतल्या चार जाणत्या माणसांनीही त्यावर माना डोलावल्या. कंपाउंडरनं पाणी बंद केलं. अंघोळसुद्धा दवाखान्यात, गुरांच्या हौदावर करायला लागला. अंगाला जंतुनाशकाचा वास यायचा, पण झाडाला थेंब दिला नाही. दाजींनी मात्र दुप्पट घातलं. अंघोळीचं घातलं, भांड्यांचं घातलं आणि तापलं लोखंड विझवायच्या कुंडीतलं काळं पाणीही घातलं. दीड महिन्यात त्यांच्या झाडाला तांबूस, लुसलुशीत, हातभर पालवी आली. दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "बघा. आणि ते बघा समोरचं. सुतकात असल्यासारखं उभं आहे."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या सुतकी झाडाला शेंड्यापासून बुंध्यापर्यंत मोहोर फुटला. पान दिसेना. वास आमच्या स्वयंपाकघरात यायला लागला. दाजींच्या झाडावर पालवी होती, नुसती पालवी, आणि ती आता हिरवी होऊन आणखी उठून दिसत होती.

कंपाउंडर खिशात भाजलेले शेंगदाणे घेऊन फरशीवर येऊन बसला.

"दाजी, झाड छान झालंय हो. बकऱ्या पाळा आता."

दाजींनी एक पान खुडून चुरगाळलं.

"नाही, म्हणजे एवढा पाला वाया जायला नको."

दाजी आत गेले आणि बैल बांधायची साखळी घेऊन बाहेर आले. जाड कड्यांची, त्यांनी स्वतः घडवलेली, सहा हात लांब. आम्हाला वाटलं, आता कंपाउंडर गेला. कंपाउंडरलाही तेच वाटलं. तो शेंगदाणे टाकून उठला. पण दाजी त्याच्याकडे गेलेच नाहीत. ते आपल्या झाडापुढे उभे राहिले, साखळी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि बुंध्यावर घातली.

"सहा वर्षं!" ते म्हणाले. साखळी बुंध्याला वळसा घालून पलीकडे वाजली. "सहा वर्षं पाजतोय तुला!" पुन्हा एक. "बायकोची अंघोळ घातली तुला! काकाची घालणार होतो! आणि पाला देतोस? पाला?"

साल उडत होती. चीक उडत होता. लोहाराचा हात, तीस वर्षं घण मारलेला. तो एका तालात पडत होता आणि थांबत नव्हता. झाड शेंड्यापर्यंत थरथरत होतं, नवी पानं खाली पडत होती. भिंतीवर गल्लीतली दहा-बारा डोकी जमली. कुणी हसलं नाही. माणसाला मारताना बघायची आम्हाला सवय होती, पण न ओरडणाऱ्या जिवाला इतका वेळ मारताना कुणी बघितलं नव्हतं.

"अहो, पुरे," अक्का दारातून म्हणाली.

"मी लोखंड वाकवलंय!" दाजी ओरडले. "हे तर लाकूड आहे!"

"दाजी," कंपाउंडर म्हणाला, आणि इथे त्यानं गप्प बसायला हवं होतं, "मारून दूध देत नाही हो गाय. आमच्याकडे रोज येतात अशी मारलेली. आणि तिला मारायला उभा असतो तो बैल असतो."

साखळी थांबली. दाजींनी ती खाली टाकली, भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली आणि मोहोरलेल्या झाडाकडे चालू लागले. धावले नाहीत. कंपाउंडर धावला. तो झाडाला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

"आधी मला!"

"तसंच करतो," दाजी म्हणाले.

कुऱ्हाड उलटी बसली, हे नशीब. पात्याऐवजी मागचा बोथट तुंबा खांद्यावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज भिंतीपर्यंत आला. कंपाउंडर खाली कोसळला, पण पडता पडता त्यानं दाजींच्या मानेला मिठी मारली आणि डावा कान तोंडात धरला. दोघं मोहोराखाली लोळायला लागले. दाजी मुक्के मारत होते, कंपाउंडर कान सोडत नव्हता, आणि वरून दोघांवर मोहोराची बारीक पिवळी फुलं पडत होती.

भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "पाणी टाका रे, पाणी! सुटतील!"

कुत्री सोडवायला पाणीच टाकतात, हे खरं. पण पाणी कोण टाकणार? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि कुणाचाही हात आपल्या हंड्याकडे गेला नाही. शेवटी अक्का भट्टीकडे गेली, फावडंभर गरम राख आणली आणि दोघांच्या अंगावर उपडी केली. दोघं किंचाळत सुटले. कानाची पाळी कंपाउंडरच्या तोंडात राहिली. ती त्यानं थुंकली, तीसुद्धा आपल्या झाडाच्या मुळाशी.

हवालदार संध्याकाळी आला. दाजी डोक्याला फडकं गुंडाळून बसले होते, कंपाउंडरला मोठ्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी दाराशी उभी होती.

"काय झालं?"

"झाडावरून पडलो," दाजी म्हणाले.

"आणि हे?"

"झाडावरून पडलो," गाडीतून कंपाउंडर म्हणाला.

"दोघंही?"

"दोघंही."

हवालदारानं झाडं बघितली. दोन्ही पुरुषभर उंचीपेक्षा थोडी जास्त. "आणि कान?"

"फांदीत अडकला."

"भाजलंय ते?"

दाजींनी बायकोकडे बघितलं. अक्का म्हणाली, "खाली राख होती."

हवालदारानं वही मिटली. घरचं प्रकरण होतं, आणि त्याला परतीच्या वाटेत पाणी भरायचं होतं.

कंपाउंडर मोठ्या दवाखान्यात पडून असताना जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. सहा महिने वाट बघायला लावून आता यायचं काही कारण नव्हतं, पण आलं. वीस मिनिटं गारा पडल्या, बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. आमची चार कौलं फुटली, दाजींच्या भट्टीचा पत्रा फाटला. ओढा भरला नाही, विहीर वाढली नाही. मातीवर बोटभर ओल राहिली आणि ती दुसऱ्या दिवशी उन्हानं नेली. कंपाउंडरच्या झाडावरचा मोहोर मात्र सगळा खाली आला. बुंध्याभोवती तपकिरी चिखल झाला होता आणि त्यावर काटक्या. चार दिवसांनी हात गळ्यात बांधून तो घरी आला, थेट परसात गेला आणि त्या चिखलाकडे बघत उभा राहिला. दाजी भट्टीवर होते. त्यांनी बघितलं आणि टोमणा न मारता पुन्हा भाता मारू लागले. त्यांच्या झाडाचं काही गेलं नव्हतं, कारण जाण्यासारखं काही नव्हतंच.

आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा कुठल्याही शहाण्या झाडाला मोहोर येत नाही, तेव्हा दाजींच्या झाडाला आला. भरभरून आला. जिथे पालवी होती तिथे तुरे, जिथे नुसती काडी होती तिथे तुरे. बुंध्यावर साखळीच्या जखमा काळ्या पडल्या होत्या आणि वर सगळं पिवळंधमक.

दाजींनी लगेच तत्त्वज्ञान सांगायला सुरुवात केली. "लाडानं बिघडलं होतं. चोप दिला, सुधारलं." आठ दिवसांत गल्लीत धोपटाधोपटी सुरू झाली. कुणी पेरूला काठीनं बडवलं, कुणी लिंबाला पट्ट्यानं. गिरणीवाल्यानं शेवग्याला इतकं मारलं की तो मोडून त्याच्याच अंगावर पडला.

कंपाउंडर एक दिवस दाजींच्या झाडापाशी येऊन उकिडवा बसला आणि डाव्या हातानं बुंधा चाचपू लागला. गाईची धार तपासावी तसं बोटं फिरवत तो पूर्ण फेरा घालून आला. मग उठला. चेहरा उतरला होता.

"दाजी, साल पुरी गेलीय. चहूबाजूंनी. वेढा बसलाय."

"बरं मग?"

"पानांतलं अन्न सालीतून मुळाला जातं. ती वाटच तुटली. ते सगळं वर अडकलंय, म्हणून मोहोर. मुळं उपाशी आहेत. हे झाड या वर्षी फळेल आणि मरेल. अजून एखादी पट्टी जिवंत असेल तर मोहोर छाटा, ओली माती लावून गोणपाटानं बांधा. कदाचित वाचेल."

"मोहोर छाटू?" दाजींनी घण खाली ठेवला. "महिना राहिलाय मार्च संपायला, आणि मी मोहोर छाटू?"

"मरणारं झाड असं फळतं हो. जिवाच्या भीतीनं."

"मग मी काय वेगळं म्हणतोय? भीतीच घातली त्याला!"

"अक्का, तू तरी ऐक. नोव्हेंबरात मी बोललो ते खरं निघालं की नाही?"

अक्का भांडी घासत होती. घासायला राख होती, विसळायला पाणी नव्हतं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तू खरं बोलत असशील," ती म्हणाली. "पण तुझं झाड वाचवायला बोलतोयस. म्हणून ऐकता येत नाही."

मार्चच्या एकतीस तारखेला दाजींच्या झाडावर वाटाण्याएवढ्या कैऱ्या होत्या. अक्कानं मोजल्या नाहीत, समोरच्या झाडावर एकही नव्हती, मोजायचं काय? तिनं कुऱ्हाड घेतली. कंपाउंडर झाडाला डाव्या हातानं मिठी मारून उभा होता.

"बाजूला हो."

"त्याची पानं बघ, अक्का. जिवंत आहे ते. पुढच्या वर्षी देईल. ते दुसरं मेलेलं आहे, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नाही."

"बाजूला हो, नाहीतर तुझ्यासकट."

"मार."

तिनं पहिला घाव त्याच्या गुडघ्याच्या वीतभर खाली, बुंध्यावर घातला. तो हलला नाही. दुसरा घाव त्याच जागी. तिसऱ्या घावाला झाड कलायला लागलं आणि त्याच्या मोडक्या खांद्यावर भार आला, तेव्हा तो ओरडून बाजूला झाला. अक्कानं पुढचे अकरा घाव सलग घातले. मधे एकदा थांबली. आम्हाला वाटलं, दमली. ती डोळे पुसत होती. मग पुन्हा घाव घालू लागली.

त्यानंतर कंपाउंडरनं दगड मारायला सुरुवात केली. रोज दुपारी, डाव्या हातानं, कैऱ्यांवर. नेम वाईट होता, पण चिकाटी होती. दाजी तापलेली सळई घेऊन झाडाखाली बसू लागले. एकदा सळई कंपाउंडरच्या पोटरीवर टेकली आणि त्याच्या कातडीचा वास आमच्या अंगणात आला. एकदा दगड दाजींच्या पाठीत बसला. दोघंही आपापल्या परीनं कामावर जात होते, जेवत होते आणि दुपारी न चुकता परसात येत होते.

एप्रिलात एक दगड अक्काला लागला. ती हंडा घेऊन कोपऱ्यावरून वळत होती. भुवईवरची कातडी दोन बोटं उघडली. हंडा तिनं सोडला नाही, हळूच खाली ठेवला आणि मग बसली. रक्त डोळ्यात, तोंडात, गळ्यात.

दाजी सळई घेऊन धावले.

"आधी टाका घालू दे, मग मारा!" कंपाउंडर ओरडला आणि त्यांना ओलांडून आत गेला. दवाखान्याची पेटी आणली. सुई गुरांची, वाकडी, जाड. दोराही गुरांचाच. उजवा हात अजून धड वर जात नव्हता.

"दाजी, टोक धरा. ताणून. हं. आता सोडू नका."

दाजींनी सळई टाकली, गुडघ्यावर बसले आणि दोऱ्याचं टोक धरलं. एकाचा डावा हात आणि एकाचे जाडे, काळे पंजे. सुई आत जायची तेव्हा अक्काच्या तोंडून आवाज निघत नव्हता, दाजींच्या निघत होता.

"हां, हां, झालं, झालं," कंपाउंडर म्हणत होता.

"म्हैस आहे का मी?" अक्का म्हणाली.

सहा टाके पडले. त्या दिवसानंतर परसात दगड पडला नाही. बोलणंही झालं नाही, पण दगड पडला नाही.

मे महिन्यात एकोणीस आंबे उतरवले. अक्कानं ते ताटात मांडले, तिघं परसात खाटेवर आणि फरशीवर बसले. कंपाउंडर आधी नको म्हणाला. मग एक घेतला. आंबा गोड होता. इतका गोड की तिघांनी सालीसुद्धा चोखल्या. दाजींनी कोय चाटून पुसून बाजूला ठेवली, वर बघितलं आणि विचारलं, "पानं अशी का झालीत?"

कंपाउंडरनं आंबा संपवला. हात फडक्याला पुसला.

"उन्हानं," तो म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात झाड पिवळं पडलं, दुसऱ्या आठवड्यात वाळलं. दाजींनी त्याला चार हंडे घातले, मग माती घातली, मग गोणपाटानं बांधलं, आणि शेवटी बुंध्याला टेकून बसून राहिले. तोडायला त्यांनी कुऱ्हाड कंपाउंडरपुढे केली. त्यानं ती घेतली, बराच वेळ हातात धरली आणि परत भिंतीला टेकवून ठेवली. झाड अक्कानंच तोडलं.

त्या वर्षी पाऊस सरासरीच्या एकशे दोन टक्के झाला.